मेंढ्या धुतल्याची गोष्ट: घोंगडी, सोंगं आणि अद्भुताचा अभ्यास

कृष्णाकाठची:
मंडळी, धागा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

मी सांगलीची. मराठीत एम. ए. केलं आणि अद्भुतकथेवर, म्हणजे ज्याला आता सगळे फँटसी म्हणतात तिच्यावर, प्रबंध लिहायला घेतला. घेतला म्हणजे काय, तीन वर्षं घोंगडं भिजत पडलंय. त्या भिजत्या घोंगड्यापायी मागच्या महिन्यात खऱ्या घोंगडीपर्यंत जाऊन पोचले.

मैत्रिणीच्या ओळखीनं म्हसवडच्या अलीकडच्या एका वस्तीवर गेले होते. अंगणभर काळे धागे ताणलेले आणि एक आजोबा हातात कुंचा घेऊन त्यांना पिठाची खळ लावत फिरत होते. वय ऐंशीच्या पुढे. हात चालू आणि तोंडही चालू. तोंडात बाणाईची गोष्ट. बऱ्याच जणांना माहीत असेल, तरी थोडक्यात सांगते. खंडोबा म्हाताऱ्याचं रूप घेऊन चंदनपुरीला बाणाईच्या वाड्यावर चाकरीला राहतो. मेंढ्या राखतो. एक दिवस त्याला मेंढ्या धुवायला नदीवर पाठवतात. हा पठ्ठ्या एकेक मेंढी उचलतो आणि धुणं आपटावं तशी खडकावर आपटतो. सगळा कळप मरून पडतो. बाणाई ऊर बडवत येते. म्हातारा म्हणतो, लगीन लावशील तर उठवतो. तिनं होकार दिल्यावर भंडारा उधळतो, मेंढ्या उठतात.

आता गंमत बघा. ‘मेंढ्या धुवायला पाठवलं’ इथं आजोबा थांबले आणि पुढची दहा मिनिटं मेंढ्या कशा धुतात तेच सांगत बसले. पाणी वाहतं पाहिजे, डबक्यातलं नको. आभाळ आलेलं असलं तर धुवायच्या नाहीत. मेंढीचं तोंड वर धरायचं, पोटाखालचा मळ आधी काढायचा. धुतल्यावर चांगली दोन दिवस उन्हं खाऊ द्यायची, मगच कातर लावायची. आणि मग तोच सूर पकडून, ‘...तर द्येवानं पहिली मेंढी धरली आन् हाणली की खडकावर!’

मी वहीत काहीच लिहिलं नव्हतं. मला वाटलं, आजोबा गोष्ट सोडून भरकटले. परतीच्या एस्टीत, दिघंचीच्या पुढं कुठंतरी, डोक्यात प्रकाश पडला की ते भरकटले नव्हतेच.

१९३९ साली स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठात टॉल्कीननं, म्हणजे ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’वाल्या इंग्रज प्राध्यापकानं, परीकथांवर एक व्याख्यान दिलं. या विषयाचा अभ्यास करणारा प्रत्येक जण कधी ना कधी तिथं जाऊन येतोच. त्यात तो म्हणतो, की ‘हिरवा सूर्य’ असं कुणीही म्हणू शकतं. पण ज्या जगात तो हिरवा सूर्य खरा वाटेल असं जग रचायला मेहनत लागते, डोकं लागतं आणि एक खास कसब लागतं. कसबासाठी त्यानं शब्द वापरलाय तोही कारागिरीचाच. इतकी वर्षं मी ती ओळ नुसती उपमा म्हणून वाचत होते.

माझं म्हणणं एवढंच, की आपल्याकडच्या अद्भुत गोष्टी ज्यांनी सांभाळल्या ते विणणारे, कातरणारे, घडवणारे लोक होते, आणि गोष्टीतलं अशक्य त्यांनी आपल्या धंद्यातल्या शक्य गोष्टींवर तोलून धरलंय. तुमच्या भागात असं काही ऐकलं असेल तर सांगा. साताऱ्या-सांगलीकडचं असेल तर फारच बरं.

दगडी_पाटा:
+१. वाचनखूण साठवली. सवडीनं लिहितो. (म्हणजे बहुतेक लिहीत नाही, पण वाचणार नक्की.)

सणगराचा_नातू:
ताई, धागा वाचून खुर्चीत सरळ बसलो. आमचं गाव माण तालुक्यातच. मी पुण्यात आयटीत, पण आजा घोंगड्या विणायचा, चुलता अजून विणतो. दोन दुरुस्त्या करतो, राग मानू नका.

एक. ती ‘पिठाची खळ’ म्हणजे चिंचोक्याची खळ. चिंचोके भाजायचे, वरचं लाल टरफल काढायचं, भिजवायचे, वाटायचे आणि मग ते शिजवायचं. गव्हाचं किंवा कणकेचं काही नसतं त्यात. ही पांजणी झाल्याशिवाय लोकरीचा धागा माग सोसत नाही. लोकर केसाळ असते, फणीतनं जाताना धागे एकमेकांना धरून बसतात आणि तुटतात. खळीनं ते केस बसतात. कुंचा फिरवायचा तो एकाच दिशेनं. लहानपणी मी उलटा फिरवला म्हणून आज्यानं मला त्याच कुंच्यानं पाठीवर खळ लावली होती. चिकटपणा दोन दिवस गेला नाही.

दोन. सरसकट सगळे घोंगडी ‘धनगर विणतात’ म्हणतात. (तुम्ही म्हटलं नाही, पण कुणीतरी खाली म्हणणारच.) मेंढ्या धनगरांच्या, आणि त्यांच्यातही विणणारे आहेत. पण आमच्याकडं मागावर बसणारे बहुतेक सणगर. मेंढी कातरणारा वेगळा, पिंजणारा वेगळा, चरख्यावर सूत काढणाऱ्या घरच्या बायका, आणि मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसणारा वेगळा. एका घोंगडीत इतक्या जणांचे हात. बायकांनी काढलेल्या सुताचा हिशेब मात्र कधी कुणी केला नाही. आजी म्हणायची, ‘घोंगडं ह्येंचं, बोटं माजी.’

आणि जावळ हा शब्द तुमच्या वहीत लिहून ठेवा. कोकराची पहिली कातरण म्हणजे जावळ. माणसाच्या पोराचंही जावळ आणि कोकराचंही जावळच. जावळाची घोंगडी एवढी मऊ असते की अंगाला टोचत नाही. बाकीची पहिल्या वर्षी टोचते, वापरून वापरून मऊ होते.

चिंचोके_खाऊ:
आयडी बघा माझा. शेवटी माझ्या विषयाचा धागा आला.

अवांतर: प्रदर्शनातून घेतलेली ‘अस्सल घोंगडी’ बायकोनं वॉशिंग मशीनमध्ये गरम पाण्यात टाकली. बाहेर आलं ते पायपुसणं. जाड, घट्ट आणि मूळच्या निम्म्या मापाचं. बायको म्हणते फसवलं तुम्हाला.

सणगराचा_नातू:
@चिंचोके_खाऊ, उलट आनंद माना. आटून नमदा झाली म्हणजे लोकर खरी होती! गरम पाणी आणि घुसळण मिळाली की लोकरीचे केस एकमेकांत अडकून बसतात, परत सुटत नाहीत. अ‍ॅक्रिलिक असतं तर असं आटलं नसतं. पुढच्या वेळी घेताना काठाचा एक धागा काढून जाळून बघा. लोकर असेल तर केस जळल्याचा वास येतो, ज्योत काढली की आपोआप विझते, राख बोटानं चुरडते. अ‍ॅक्रिलिक वितळतं आणि त्याची टणक गोळी होते. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे.

मधली_आळी:
धागा उत्तम आहे. पण मी थोडा विरोधी सूर लावणार आहे.

मी वाईचा. विश्वकोशाच्या गावात राहिल्यामुळे शब्द जपून वापरायची खोड लागली असेल. ताई, आपण ज्याला ‘अद्भुतकथा’ म्हणून त्या इंग्रज प्राध्यापकाच्या शेजारी नेऊन बसवता, ती त्या आजोबांसाठी कथा नाही. तो त्यांचा देव आहे. सातारा जिल्ह्यातल्या पालीला पौषात खंडोबा-म्हाळसेचं लग्न लागतं तेव्हा तारळी नदीच्या दोन्ही काठांवर लाखो लोक भंडाऱ्यात न्हातात, ते काही एखाद्या कादंबरीचे चाहते जमलेले नसतात. विल्यम बॅस्कम या लोकसाहित्याच्या अभ्यासकानं १९६५ मध्ये याचीच फोड केली होती. सांगणारा-ऐकणारा समाज जी गोष्ट खरी आणि पवित्र मानतो ती मिथक. खरी मानतो पण माणसांच्या ओळखीच्या काळातली असते ती दंतकथा. आणि जी खोटी आहे हे ठाऊक असून रंजनासाठी सांगितली जाते ती लोककथा. फँटसी तर त्याच्याही पुढची. एका लेखकानं बसून रचलेली, सही केलेली, स्वामित्वहक्क असलेली.

देवाच्या गोष्टीला फँटसी म्हणणं म्हणजे देवघरातली समई उचलून दिवाणखान्यात शोभेला ठेवणं. प्रकाश तोच, पण जागा चुकली.

कृष्णाकाठची:
@मधली_आळी, काका, मुद्दा मान्य आहे, आणि माझ्या मार्गदर्शकांनी न विचारलेला प्रश्न तुम्ही विचारलात. मी बाणाईच्या गोष्टीला फँटसी म्हणत नाहीये. (पहिल्या पोस्टमध्ये ‘अद्भुत गोष्टी’ असा ढोबळ शब्द वापरला, चूक कबूल.) माझा प्रश्न उलट्या बाजूनं आहे. फँटसीचे अभ्यासक म्हणतात की लेखकाला श्रद्धेचा आधार नसतो, वाचकाचा विश्वास त्याला पानोपानी कमवावा लागतो, म्हणून तपशिलाची कारागिरी करावी लागते. ठीक. पण आजोबांना तर श्रद्धेचा आधार होता. समोरची मी सोडले तर ऐकणारे सगळे मानणारेच. मग त्यांना मेंढी धुण्याचा दहा मिनिटांचा तपशील का लागला?

मला वाटतं, विश्वास कमवण्याची गरज श्रद्धेनं संपत नाही. देव मानणाऱ्या श्रोत्यालाही ‘हे असंच घडलं असणार’ असं वाटावं लागतं, आणि मेंढ्या राखणाऱ्या श्रोत्याची परीक्षा तर फारच कडक. चुकीच्या पद्धतीनं मेंढी धुणारा देव त्याला पटणारच नाही.

धनगरांच्या ओव्या जागेवर जाऊन नोंदवणारे गुंथर सोंथायमर (१९३४–१९९२) यांचं १९७६चं मूळ जर्मन पुस्तक बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांच्यावरच आहे. त्यांनी या देवांना ग्रंथांतून बाहेर काढून कुरणांत, वाड्यांत आणि पाणवठ्यांवर बघितलं. ते वाचताना सारखं जाणवतं की ओवीत पाऊस कुठं पडला, चारा कुठं आहे, कळप कुणाच्या शेतात बसला याचा हिशेब देवाच्या चमत्काराइतकाच नेमका असतो. ‘सुंबरान मांडलं’ म्हणून एकदा सुरुवात झाली की मग देवालाही त्या हिशेबातून सुटका नाही.

जवारी:
मिरजेहून नमस्कार. आमच्याकडची गोष्ट थोडी वेगळ्या अंगानं.

सतारमेकर गल्लीत माझं लहानपण गेलं. हत्यारं घडवणाऱ्या शिकलगारांच्या घरात साधारण १८५०च्या सुमाराला फरीदसाहेबांनी तंतुवाद्यं करायला सुरुवात केली आणि तलवारींना धार लावणारे हात तंबोऱ्याला जवारी लावू लागले. इतिहासातलं याहून मोठं रूपांतर मला तरी माहीत नाही. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा गल्लीत पेढे वाटले.

पण सांगायचं ते जवारीबद्दल. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. तंबोऱ्याची तार ज्या घोडीवर टेकते, ती घोडी वरून सपाट दिसते, पण नसते. कानशीनं आणि पॉलिश पेपरनं तिला इतका बारीक उतार देतात की डोळ्याला कळत नाही, बोटाला जेमतेम कळतो. तार त्या उतारावर नुसती टेकत नाही, घासत थरथरते. तरीही आवाज पुरा खुलत नाही. मग तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक दोरा सरकवतात. तो केसभर पुढं केला तर आवाज चिरका, केसभर मागं केला तर मुका. मधे एक जागा अशी सापडते की एका तारेतून चार-पाच स्वर एकदम ऐकू यायला लागतात. माझे एक शेजारी हे काम करताना श्वास रोखून धरायचे. आम्ही पोरं गल्लीत ओरडत असलो की आतून फक्त कानस आपटल्याचा आवाज यायचा, आम्ही गप्प.

तेसवेतान तोदोरोव या समीक्षकानं १९७० मध्ये मांडलं, की विलक्षण घटना वाचून वाचक ‘याला काही नैसर्गिक कारण असेल का, की हे खरंच अलौकिक आहे?’ असा अडखळतो, आणि ते अडखळणं टिकतं तोवरच कथा ‘फँटास्टिक’ असते. कौल एका बाजूला पडला की ती दुसऱ्या कुठल्यातरी प्रकारात जाते. एम. ए.ला हे वाचलं तेव्हा मला तो दोराच आठवला. परीक्षेत उत्तरात तंबोरा लिहिला. मार्क कापले, शेरा होता, ‘विषयांतर’.

चिंचोके_खाऊ:
‘विषयांतर’ 😀 या धाग्याचं उपशीर्षक ठेवा.

कृष्णाकाठची:
@जवारी, सुरेख! दोरा चोरणार आहे, आधीच सांगते. पण तोदोरोव बाणाईला लागत नाही हेही सांगते. तिथं कुणीच अडखळत नाही. मेंढ्या उठल्या, बस्स. त्याच्या हिशेबात ती सरळ चमत्काराची गोष्ट, कौल पहिल्यापासून लागलेला. मार्क कापले ते मात्र चूकच. माझंही एक रडगाणं आहे. एका मुलाखतीत मंडळातल्या एकांनी विचारलं, ‘राक्षस-पऱ्यांवर प्रबंध? मग बालसाहित्य विभागात अर्ज करायचा ना.’ मी गप्प बसले, त्याचा राग अजून येतो.

त्यांना सांगायला हवं होतं की मराठी कादंबरी बाल्यात होती तेव्हा ती अद्भुताच्याच कडेवर होती. हळब्यांची ‘मुक्तामाला’ १८६१ची, रिसबुडांची ‘मंजुघोषा’ १८६८ची. पुढं वास्तवाचं वारं सुटलं आणि या सगळ्यांना ‘अद्भुतरम्य’ असं लेबल लावून माळ्यावर टाकलं. माळ्यावर टाकलेल्या वस्तूंना फुकट जाग येत नाही, पण आपल्याकडं निदान त्या टाकून तरी देत नाहीत.

अलल_डुर्र:
माझ्या आयडीचा अर्थ कुणी विचारत नाही म्हणून स्वतःच सांगतो.

सांगलीचे विष्णुदास भावे. ५ नोव्हेंबर १८४३, ‘सीतास्वयंवर’. तारीख आपल्या सगळ्यांना पाठ, कारण तो दिवस रंगभूमी दिन. त्याच्या आदल्या वर्षी कर्नाटकातली कर्कीची भागवत मंडळी सांगलीत येऊन खेळ करून गेली, तो पाहून सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांनी भाव्यांना आपल्याकडं असं काही करा म्हणून सांगितलं. या पौराणिक नाटकांत राक्षस यायचा तो ‘अलल डुर्र’ अशी आरोळी ठोकत. त्यावरून पुढच्या शहाण्या लोकांनी या नाटकांना ‘अलल-डुर्र नाटकं’ म्हणून हिणवलं. मी ते नाव अभिमानानं घेतलंय.

मुद्दा असा, की या राक्षसाला आज कुणी स्पेशल इफेक्ट्स म्हणेल. त्या काळी होतं काय? रंग, दाढी-मिशा, तेलाचे दिवे आणि माणसाचा घसा. भाव्यांनी लाकडी बाहुल्याही केल्या होत्या, सांधे हलणाऱ्या, नाटकातल्या पात्रांच्या. पुढं रामदास पाध्यांनी त्या दुरुस्त करून पुन्हा रंगमंचावर आणल्या. म्हणजे मराठी नाटकाचा जनक म्हणून आपण ज्यांचे पुतळे उभारतो, तो माणूस हातात पटाशी धरणारा होता. ताईंच्या म्हणण्याला याहून मोठा पुरावा काय पाहिजे?

मी स्वतः हौशी नाटकात दोनदा रावण झालो. दहा तोंडांचा मुखवटा कार्डबोर्ड आणि कागदाच्या लगद्याचा. पहिल्या वेळी तोंडं समान वाटली नाहीत, उजवीकडं पाच आणि डावीकडं चार अशी मधल्या माझ्या खऱ्या तोंडासकट बसवायची होती. वजन उजवीकडं गेलं आणि सबंध पहिला अंक मी मान तिरकी धरून सीतेला धमकावली. प्रेक्षकांना वाटलं लकवा मारलाय. दुसऱ्या वेळी सुतारानं डावीकडं मागच्या बाजूला एक शिशाचा तुकडा बांधला, तर काय रुबाब! तात्पर्य वगैरे काही नाही, पण त्या शिशाशिवाय माझी लंका उभी राहत नव्हती.

दगडी_पाटा:
हसून हसून ऑफिसात पकडला गेलो. दहा तोंडं सम आकडा असल्यानं रावणाला मध्य नाही, हे आज पहिल्यांदा लक्षात आलं.

मधली_आळी:
रावण-प्रकरण बहारदार! आता एक भर घालतो, पटली तर घ्या.

आपण पाश्चात्त्य मापं लावतोय, तर घरचं मापही लावू. भरताच्या नाट्यशास्त्रात अद्भुत हा स्वतंत्र रस. त्याचा स्थायिभाव विस्मय. आणि प्रत्येक रसाला एक रंग दिलाय. शृंगार श्याम, रौद्र तांबडा, भयानक काळा. अद्भुताचा रंग कोणता? पीत. पिवळा. मेलेल्या मेंढ्या उठवणाऱ्या भंडाऱ्याचा रंग कोणता, ते मी सांगायला नको.

सणगराचा_नातू:
काका, अंगावर काटा आला. पण खरं सांगू? भंडारा पिवळा कारण हळद पिवळी. आमच्याकडं मेंढीला जखम झाली, कातर लागली, तर पहिला हात हळदीच्या डब्याकडं जातो. भरतमुनींनी माणदेशात मेंढ्या राखल्या असतील असं वाटत नाही.

मधली_आळी:
हा हा, हरलो. पण पूर्ण नाही. जी वस्तू रोज जखम भरते तीच गोष्टीत जीव भरते, हे तर तुम्हीच माझ्या बाजूनं बोललात.

कृष्णाकाठची:
काका, देवघरातली समई म्हणत होतात ना? आता तुम्हीच ती उचलून आणलीत! (हलकेच घ्या.)

कातरीनं जखम झाली की हळद, आणि आपटून मारलेल्या मेंढ्यांना भंडारा. @सणगराचा_नातू, हे मला सुचलंच नव्हतं. प्रॉपचं कोष्टक घेऊन बसले होते मी. व्लादिमीर प्रॉपनं १९२८ मध्ये रशियन परीकथांतून एकतीस क्रिया, म्हणजे कथानकातले ठरलेले टप्पे, काढल्या. त्यातली तेविसावी म्हणजे नायकाचं अनोळखी रूपात येणं, पंचविसावी म्हणजे अवघड कामगिरी आणि एकतिसावी म्हणजे लग्न. बाणाईची गोष्ट त्यात मापाचा सदरा शिवल्यागत बसते. फक्त एक बटण भलतीकडं. प्रॉपकडं अवघड कामगिरी नायकावर घातली जाते. इथं नायकच संकट उभं करतो आणि नायकच ते निस्तरतो. आजोबांना हे विचारलं तर ते म्हणाले, ‘द्येव हाय, पर गडी लबाडच.’ कोष्टकात नायकाच्या लबाडीला खाना नाही.

एक विनंती आहे. तुमच्या चुलत्यांना एक प्रश्न विचाराल? मेंढ्या नदीत धुताना मेल्या. भंडारा टाकल्यावर उठल्या. उठल्या तेव्हा ओल्या होत्या की वाळलेल्या?

चिंचोके_खाऊ:
पीएचडी करणाऱ्यांना असे प्रश्न पडतात म्हणून मी बी. कॉम.वर थांबलो.

जवारी:
अहो नाही, प्रश्न चांगला आहे. उत्तराची वाट बघतोय.

दगडी_पाटा:
मीही. (बघा, लिहिलं की नाही?)

माडग्याळी:
जतकडून हजेरी. वाचत होतो, लिहायचा धीर होत नव्हता.

तुम्ही सगळे लोकरीबद्दल लिहिताय, पण लोकर ठेवलीय कुठं? आमच्या भागात आता माडग्याळी मेंढी. नाकाडी बाकदार, अंगावर तपकिरी ठिपके, वजनाला भारी. मटणाला दर आहे, त्यामुळं सगळे तीच पाळतात. तिच्या अंगावर लोकर नावाला. काळ्या लोकरीची दख्खनी मेंढी ज्यांच्याकडं आहे ते कातरणाऱ्याला पैसे देऊन कातरून घेतात आणि लोकर बांधावर टाकतात, कारण कातरायची मजुरीसुद्धा निघत नाही. आमच्या वाड्यावर आरेवाडीच्या बिरोबापुढं अंथरायला घोंगडी लागते. ती मागच्या वेळी बाजारातून विकत आणली. देवाला पहिल्यांदा विकतची.

तुमची गोष्ट टिकेल. मेंढ्या धुवायचं माहीत असलेले सांगणारे किती दिवस टिकतील ते बघा.

कृष्णाकाठची:
@माडग्याळी, धीर करून लिहिलंत, आभार. ही पोस्ट मी छापून घेतलीय.

याचं उत्तर माझ्याकडं नाही. पण एक आठवलं. सरोजिनी बाबर या वाळवा तालुक्यातल्या बागणीच्या. त्यांनी लोकसाहित्याचे खंडच्या खंड संपादित केले, गावोगावच्या बायकांच्या तोंडून ओव्या-कहाण्या गोळा करवून घेतल्या. त्या मी नेहमी गाण्यांसाठी वाचायची. आता जात्याच्या, सुपाच्या, चुलीच्या तपशिलासाठी पुन्हा वाचायला घेते. दळण किती बारीक, तांदूळ कसा पाखडायचा, हे सगळं त्यांत आहे. मीच ते ‘पार्श्वभूमी’ म्हणून ओलांडून पुढं जायची.

सणगराचा_नातू:
आणलं उत्तर.

रविवारी गावी गेलो होतो. चुलत्याला विचारलं, तर तो म्हणाला, मला काय म्हाईत, म्हाताऱ्याला इचार. आज्याला आता ऐकू कमी येतं, शेजारच्या घरात ऐकू जाईल एवढ्या आवाजात ओरडून विचारलं. ‘आज्जा! बाणाईच्या मेंढ्या उठल्या त्या वल्या का वाळलेल्या?’

म्हातारा माझ्याकडं असं बघायला लागला, की याला पुण्याला शिकायला घातलं ते पैसे वाया गेले.

‘वल्याच की. भंडाऱ्यानं जीव येतोय, लोकर वाळत न्हाई. तिला ऊनच लागतंय.’

मी म्हटलं, देव आहे ना, वाळवता आली नसती का? तर म्हणाला, ‘वाळीवल्या असत्या तर बाणाई दोन दिस थांबली असती का त्याच्यासंगं? कातरायची व्हती का न्हाई लोकर?’

म्हणजे आमच्या घरच्या गोष्टीत, लग्नाआधी ते दोन दिवस नदीकाठी मेंढ्या वाळवत बसले होते. हे मला तीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

जवारी:
काय बोलू. दोरा सापडला.

मधली_आळी:
‘भंडाऱ्यानं जीव येतो, लोकर वाळत नाही.’ ताई, तुमच्या त्या प्राध्यापकाचं सगळं व्याख्यान या ओळीत बसतं. मी माझा विरोध अर्धा मागं घेतो. अर्धा ठेवतो, कारण आजोबांसाठी तो अजूनही देवच आहे.

कृष्णाकाठची:
अर्धा ठेवाच काका, प्रबंधात त्याचं एक प्रकरण होईल.

@सणगराचा_नातू, आज्जांना विचारून सांगा, त्यांना भेटायला आले तर चालेल का? येताना काय आणू? आणि त्यांनी विणलेली एखादी घरात शिल्लक असेल तर बघायची आहे, विकत मागणार नाही.

सणगराचा_नातू:
चालेल. दुपारी तीनच्या आत या, नंतर तो झोपतो. आणायचं काही नको, तंबाखू तर मुळीच नको, डॉक्टरनं बंद केलीय आणि तो तुमच्याकडं मागणारच. घोंगडी एकच उरलीय, आजीच्या सुताची. पावसात तिची खोळ करून शेजारचं पोरगं गुरं राखायला नेतं, त्यामुळं त्या दिवशी आभाळ नसलं तर घरात सापडेल.

चिंचोके_खाऊ:
माझं ते पायपुसणं आज्जांना दाखवायला नेता का कुणी? फोटो टाकतो संध्याकाळी.